गाठ सुपारीएवढी, मग भोवतीचा चांगला भाग का काढला?

प्रश्न (यवतमाळ)
माझ्या वडिलांनी तीस वर्षे खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुन्याचे मिश्रण) खाल्ला. तीन आठवड्यांपूर्वी डाव्या गालाच्या आतील कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. गाठ सुपारीएवढी होती, तरी भोवतीचा चांगला दिसणारा भाग, खालच्या जबड्याच्या हाडाची वरची कड आणि मानेतल्या लसीका ग्रंथीही काढल्या. अहवालात कडा कर्करोगमुक्त असल्याचे, पण मज्जातंतूभोवती कर्करोगाच्या पेशी आढळल्याचे लिहिले आहे. चांगले मांस उगाच कापले, असे आईच्या मनाने घेतले आहे. तिला काय सांगू?

उत्तर १
मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि अशा स्लाइड रोज पाहते. बोटाला लागते ती गाठ आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसते ती गाठ यांच्या सीमा एक नसतात. मुख्य गाठीपासून थोड्या अंतरावर, गुलाबी तंतूंच्या पट्ट्यांमध्ये, पाच-दहा पेशींची लहान बेटे सापडतात. त्या पट्ट्या तयार करणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी मूळच्या शरीराच्याच असतात आणि जखम भरून काढणे हे त्यांचे काम. परंतु कर्करोगाच्या पेशी टीजीएफ-बीटासारखी रसायने सोडून त्यांना आपल्या बाजूला वळवतात. मग त्याच पेशी अस्तराखालचा पडदा विरघळवणारी विकरे (एन्झाइम) सोडतात आणि गाठीला पुढे सरकायला वाट करून देतात. हाडाचेही तसेच आहे. हाड मुख्यतः कर्करोगाच्या पेशी पोखरत नाहीत. त्यांच्या इशाऱ्यावरून आपल्याच ऑस्टिओक्लास्ट पेशी ते पोखरतात. म्हणून सर्जन साधारण एक सेंटीमीटर भाग सोबत घेतात. काढलेला ऊतक आकसतो, आणि आम्हाला स्लाइडवर किमान ५ मिलिमीटर मोकळी कड दिसावी लागते. आईंना सांगा, उगाच काही कापलेले नाही.

उत्तर २
वरील उत्तराला एक जोड द्यावीशी वाटते. भोवतीच्या अस्तरातील सगळाच बदल गाठीमुळे होतो असे नाही. अमेरिकेतील सर्जन स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये ७८३ रुग्णांच्या अभ्यासातून दाखवले की गाठीभोवतीचे साधे दिसणारे अस्तरही बिघडलेले असते. खर्र्यातील तंबाखू आणि सुपारी वर्षानुवर्षे साऱ्या तोंडालाच लागत असतात. सुपारीतील अरेकोलिनमुळे अस्तराखाली तंतू साचतात, गाल चामड्यासारखा ताठ होतो आणि तोंड उघडेनासे होते. काहींना गाठ त्यानंतर येते. त्यामुळे वडिलांच्या उजव्या गालाची आणि जिभेचीही नियमित तपासणी हवी. मानेबद्दल सांगायचे, तर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास अवश्य सांगा. सुरुवातीच्या टप्प्यातील ज्या रुग्णांच्या मानेत गाठ लागत नव्हती, त्यांच्यापैकी ग्रंथी आधीच काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते. गाठ दिसल्यावर त्या काढण्याचे ठरलेल्यांत ६७.५ टक्के.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. आईला दोनदा वाचून दाखवले. हाडाचे ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मज्जातंतूच्या उल्लेखामुळे आता रेडिएशन लागेल का?

उत्तर १
तो उल्लेख रेडिएशनचा विचार करण्याचे एक कारण नक्कीच आहे, कारण मज्जातंतूभोवतीच्या वाटेने पेशी कडेच्या पलीकडे गेलेल्या असू शकतात. निर्णय संपूर्ण अहवाल पाहून तुमचे डॉक्टर घेतील. रेडिएशन ठरलेच, तर ते शस्त्रक्रियेपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे लागते आणि त्याआधी दात तपासून किडलेले काढावे लागतात. तीन आठवडे उलटले आहेत, म्हणून दंतवैद्यांची वेळ उद्याच घ्या.