शब्दचर्चा : व्हॅम्पायरला मराठीत काय म्हणावं?

धरमपेठकर :
कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी एकांकिका लिहून राहिलो आहे. विषय व्हॅम्पायर. कथा परदेशातच ठेवली आहे, ट्रान्सिल्व्हेनियातला वाडा, धुकं, लांडगे, सगळं. पात्रं मराठीत बोलतात. गावचा म्हातारा पाहुण्याला सावध करतो त्या वाक्यात शब्द अडला. 'त्या वाड्यात रक्तपिपासू राहतो' असं लिहिलं तर तालमीत पोरं फिस्सकन हसली. एक म्हणे, "सावकार राहतो का बे?" 'पिशाच' केलं तर नुसतं भूत वाटतं. दिग्दर्शक म्हणतो 'वेताळ' कर, आता सिनेमातही तेच म्हणतात. जाणकारांनी सांगावं.

इतवारी :
मले तं वेताळच बरा वाटते. २०२५ च्या दिवाळीत 'थामा' हा हिंदी सिनेमा आला, त्यात रक्त पिणाऱ्यांना सरळ 'बेताल' म्हटलं आहे. आमच्या रांगेत कोणालाच अडलं नाही. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, म्हणजे मराठी माणूस. 'मुंज्या' पण त्यांचाच, तेव्हा भुतांच्या जाती त्यांना माहीत नाहीत असं म्हणता येत नाही. पब्लिकला कळते ते लिही भाऊ.

महालकर :
इतवारी, पब्लिकला कळतं हे खरं, पण काय कळतं ते पहा. आपल्याकडे वेताळ म्हणजे भुतांचा राजा. रात्री त्याची पालखी निघते, पुढे मशाली नाचतात. वेशीवरच्या दगडाला शेंदूर फासून त्याला बसवतात. कोकणात तर तो वेतोबा होतो. आरवलीला लोक त्याला केळीचे घड आणि हे मोठाले चामडी जोडे वाहतात, कारण रात्री गावभर राखण करत फिरून त्याचे जोडे झिजतात. भडकू माणसाला आपण आग्यावेताळ म्हणतो. यात रक्त पिणं कुठे आलं?

वेताळपंचविशीतला वेताळ तर विद्वान आहे. स्मशानात शिंशपेच्या झाडाला लटकलेल्या प्रेतात शिरून बसतो, राजाच्या खांद्यावरून गोष्ट सांगतो, शेवटी पेच घालतो. राजा बोलला की हा परत झाडावर. अकराव्या शतकात सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त हे सगळं आहे आणि पंचवीस गोष्टींत राजाच्या मानेला एकदाही दात लागत नाही.

घोटाळा केला रिचर्ड बर्टन या इंग्रज प्रवासी-भाषांतरकाराने. १८७० साली त्याने यातल्या अकरा गोष्टी इंग्रजीत आणल्या आणि पुस्तकाचं नाव ठेवलं 'विक्रम अँड द व्हॅम्पायर'. तिकडच्या वाचकाला वेताळ ठाऊक नव्हता, व्हॅम्पायर चांगला पाठ होता. पॉलिडोरीची व्हॅम्पायरकथा १८१९ ची, त्यानंतर १८४५ ते ४७ मध्ये 'व्हार्नी द व्हॅम्पायर' एकेका पेनीला हप्त्याहप्त्याने विकला गेला होता. उलटं लटकतो, प्रेतात राहतो, तेवढ्या बळावर बर्टनने गाठ मारून दिली. आता दीडशे वर्षांनी तोच व्हॅम्पायर बेताल होऊन घरी आला आहे आणि आपण त्याला ओवाळून आत घेतो आहोत.

एक पुरवणी. 'ड्रॅक्युला' (१८९७) लिहिणारा ब्रॅम स्टोकर हा नट हेन्री अर्व्हिंगचा नाटकगृह-व्यवस्थापक. त्या निमित्ताने त्याची बर्टनशी गाठ पडली होती. पुढे आठवणी लिहिताना त्याने बर्टनच्या सुळ्याचं वर्णन केलं आहे. बोलता बोलता वरचा ओठ उचलला की सुळा मुळापर्यंत चमकायचा म्हणे. यावरून कोणी काही सिद्ध करू नये. मलाही फार मोह होतो.

सीताबर्डी :
आमच्या पिढीला वेताळ म्हटलं की जांभळ्या कपड्यातला, कवटी-गुहेत राहणारा वेताळच आठवणार. इंद्रजाल कॉमिक्सनं फँटम या चित्रकथेतल्या नायकाचं तेच नाव केलं होतं. स्टेजवर तो शब्द आला तर मी तरी घोडा कुठे आहे ते शोधीन.

सदरवाली :
सगळे नामात अडकले आहेत. जरा क्रियापद बघा. भूत लागतं. हडळ धरते. मुंजा झपाटतो. चकवा भुलवतो. देवी अंगात येते. यातलं कोणी चावत नाही. आणि ज्याला भूत लागलं तो स्वतः भूत होत नाही, हे तर फारच मोठं अंतर. जाणता येतो, निंबू उतरवतो, कोंबडं मागतो, माणूस दोन दिवसांनी कामाला लागतो. व्हॅम्पायर चावला की तुम्ही त्याच्या गोतातले. तिथे मामला लागणीचा आहे.

आपल्याकडे भूत होण्यामागे त्या माणसाची हकीकत असते. मुंज झाली, लग्न राहिलं, गेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती हडळ. जीव घरात नाहीतर पुरलेल्या धनात अडकला तो समंध. म्हणजे जगताना काय राहून गेलं त्यावरून मेल्यावरची जात ठरते. तिकडे तसं काही नाही, भला माणूसही एका रात्रीत जातो. म्हणूनच तो शब्द जन्मला तोही साथीच्या भीतीतून. १७२५ मध्ये आणि पुन्हा १७३१-३२ मध्ये सर्बियातल्या खेड्यांत लोक पटापट मरायला लागले, आधी पुरलेल्या एखाद्यावर संशय गेला, आणि ऑस्ट्रियाच्या अंमलदारांनी थडगी उकरून चक्क सरकारी अहवाल लिहिले. प्रेत फुगलेलं, तोंडाशी रक्त, नखं नवी. कुजताना असंच होतं, पण गावाने प्रेतात खुंटी ठोकली. १७३२ मध्ये ती बातमी इंग्रजी छापखान्यांपर्यंत पोचली आणि शब्द त्या भाषेत रुळला.

आता दुसरी गोष्ट. व्हॅम्पायरला शरीर लागतं, तेही शाबूत. आपल्याकडे बहुतेकांचं दहन, मग उरतो तो वाऱ्यासारखा. शरीर मागणारा आपला एकच, वेताळ, आणि तोही दुसऱ्याचं प्रेत वापरतो. बर्टन फसला तो इथे. तेव्हा धरमपेठकर, माझं मत असं की नामाला 'व्हॅम्पायर' राहू द्या. पारशी, चिनी, तुर्की वस्तू आपण नावासकट घेतल्या, हे भूत काय जड आहे?

महालकर :
सदरवाली ताई, क्रियापदाचा मुद्दा मान्य, शंभर टक्के. पण शब्द जसाच्या तसा घ्यायचे धोके पण असतात. 'झोंबी' घ्या, म्हणजे इंग्रजी सिनेमातलं चालतं-फिरतं प्रेत. २०२२ च्या 'झोंबिवली' या मराठी सिनेमात तो डोंबिवलीशी इतका झकास जुळला की कोणी हरकत घेतली नाही. पण आपल्या भाषेत झोंबी आधीपासून होती, कुस्तीतली. नवी झोंबी जुनीला खाऊन टाकणार, असं दिसतं.

ताजबागकर :
'रक्तपिपासू'वर पोरं हसली त्याचं कारण साधं आहे. ते विशेषण आहे, त्याला मागे कोणीतरी लागतं. रक्तपिपासू हुकूमशहा, रक्तपिपासू जमीनदार. नुसतं 'रक्तपिपासू राहतो' म्हटलं की ऐकणारा आपोआप सावकार भरतो. वर्तमानपत्रांनी हा शब्द इतका झिजवला आहे की त्यात रक्त उरलं नाही. शिवाय 'रक्त पिणे' आपण दिवसातून किती वेळा म्हणतो ते पहा. "सकाळपासून रक्त पिऊन राहिला हा पोट्टा, मोबाइल द्या, मोबाइल द्या." डास, ढेकूण, गोचीड, जळू, वसुलीवाला, सगळे एका ओळीत. भीती वाटणार कुठून?

आपल्या नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीत बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे, निघतात, त्यांच्या पाट्या वाचा. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून निघते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत सगळं गाव रस्त्यावर. दर वर्षी कोणत्या ना कोणत्या पाटीवर रक्त पिणारा असतोच, आणि तो माणूसच असतो. बरं, मारबतीला लोक पूतनाही म्हणतात. पूतनेच्या गोष्टीत तर उलटंच आहे, पिणारा कृष्ण आणि जीव गेला तो राक्षसिणीचा!

इतवारी :
हे भारी सांगितलं. बाकी मारबतीच्या गर्दीत व्हॅम्पायर आला तं त्याचंच रक्त पितील लोक.

खामलेकर :
'लुचणे' कोणाला आठवत नाही का? वासरू गाईला लुचतं, तान्हं आईला लुचतं. तोंड लावून ओढून पिणं, यासाठी मराठीत याच्याइतकं नेमकं क्रियापद नाही. 'शोषणे' पुस्तकी, 'चोखणे' आंब्याच्या कोयीला, 'पिणे' सगळ्यालाच. स्टीफन किंगच्या १९७५ च्या 'सेलम्स लॉट' या व्हॅम्पायर-कादंबरीवरून नारायण धारपांनी जी कादंबरी केली तिचं नाव 'लुचाई' आहे. नुसतं नाव वाचूनच ओठ आठवतात.

धरमपेठकर :
लुचणे! पण तो मायेचा शब्द आहे ना? आईच्या दुधाचा. म्हाताऱ्याच्या तोंडी विचित्र नाही वाटणार?

सदरवाली :
वाटू द्या की. या भुताची खरी भीती तीच आहे, ते प्रेमाने जवळ येतं. ल फानू या आयरिश लेखकाची 'कार्मिला' (१८७२) वाचा. 'ड्रॅक्युला'च्या पंचवीस वर्षं आधीची. पाहुणी म्हणून घरात येते, मैत्रीण होते, गळ्यात हात टाकते, आणि यजमानांची मुलगी दिवसेंदिवस सुकत जाते. तिथे 'चावते'पेक्षा 'लुचते' बरोबर बसेल. ड्रॅक्युलाला 'चावतो' ठेवा.

जरीपटका :
पार्श्वसंगीत विचारलं नाही, तरी सांगतो. बाउहाउस नावाच्या ब्रिटिश बँडचं १९७९ चं 'बेला लुगोसीज डेड' हे गाणं नऊ मिनिटांच्या वर आहे, बराच वेळ नुसता ताल आणि खरखर, गायक सावकाश उगवतो. लुगोसी म्हणजे १९३१ च्या सिनेमातला ड्रॅक्युला. त्यात जो 'अनडेड' शब्द घोळतो तोही स्टोकरचा लाडका, कादंबरीचं नाव तेच ठेवायचं त्याच्या मनात होतं. मराठीत अक्षरशः करायला गेलं तर होतं 'अ-मृत'. प्यायला द्या मग!

महालकर :
हा हा. नावांची उलाढाल स्टोकरनेही केलीच होती. त्याच्या टिपणांत सरदाराचं नाव आधी 'काउंट वॅम्पिर' आहे, म्हणजे थेट 'उमराव भूत'. मग इंग्लंडातल्या व्हिटबी गावच्या वाचनालयात वलाकियाच्या (आताच्या रुमानियातला प्रांत) इतिहासात त्याला 'ड्रॅक्युला' सापडलं आणि जुनं खोडलं. आपल्या धरमपेठकरांची अडचण त्यालाही आली होती, एवढंच.

सीताबर्डी :
आणि 'व्हॅम्प' विसरलात. किपलिंगची 'द व्हॅम्पायर' ही कविता १८९७ चीच. ज्याच्या मोगलीचं जंगल आपल्या वरच्या अंगाला मध्य प्रदेशातल्या सिवनीत आहे तोच किपलिंग. तिच्यावरून नाटक, नाटकावरून १९१५ चा सिनेमा, त्यात 'थेडा बारा' नावाची नटी पुरुषांना देशोधडीला लावते, आणि 'व्हॅम्पायर'चं शेपूट तुटून 'व्हॅम्प' झालं. ते हिंदी सिनेमात आलं ते नादिरा, हेलन, बिंदूपर्यंत. आईच्या पिढीतल्या बायका "काय व्हॅम्पसारखी नटली आहे" म्हणायच्या तेव्हा त्यांना ठाऊक तरी होतं का की आपण भुताचं नाव घेतो आहोत! शब्द रक्त सोडून कॅबरेला लागला. मराठीत 'खलनायिका' आहे, पण तिला कोणी गाणं देत नाही.

हिंगणेकर :
जीवशास्त्र शिकवते म्हणून थोडक्यात. व्हॅम्पायर वटवाघळं मेक्सिको, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतच, तीन जाती. तीही ओढून पीत नाहीत, दाताने बारीक चीर पाडून चाटतात. भुताचं नाव आधीचं, प्राण्याला ते नंतर मिळालं. आपल्याकडे ज्याला 'फॉल्स व्हॅम्पायर' म्हणतात ते बेडूक, उंदीर, किडे खातं. तेव्हा कृपा करून एकांकिकेत वटवाघळाला 'रक्तपिपासू वाघूळ' म्हणू नका, पोरं घराच्या वळचणीतली मारायला निघतात.

महालकर :
आणखी एक, शब्दाचं नाही पण नाटकाचं. शेवटी उजाडतं आणि तो जळून जातो असं केलं आहे का? मूळ कादंबरीत ड्रॅक्युला लंडनच्या रस्त्यावर दिवसाढवळ्या हिंडतो, फक्त अंगातला जोर कमी होतो. उन्हाने मरणं हे १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटाने दिलेलं. स्टोकरच्या विधवेला न विचारता केला होता. तिने खटला जिंकला, प्रती नष्ट करायचा हुकूम झाला, तरी काही प्रती वाचल्या आणि ऊन सगळ्यांच्या डोक्यात बसलं.

धरमपेठकर :
उजाडतंच. ते राहू देतो काकाजी, लाइटवाल्याने दिव्यापुढे लावायचा पिवळा जेल-कागद विकत आणला आहे. म्हाताऱ्याचं वाक्य असं केलं : "त्या वाड्यात जातो म्हणतोस? तिथला मालक जेवत नाही रे. लुचतो." 'व्हॅम्पायर' हा शब्द पुढे डॉक्टरच्या तोंडी येतो, तो शहरातून शिकून आला आहे. काल तालमीत कोणी हसलं नाही.

आता एक राहिलं. त्याची बायको पण आहे नाटकात. 'व्हॅम्पायरीण' चालेल का?

इतवारी :
मास्तरीण, डॉक्टरीण, व्हॅम्पायरीण. हळदीकुंकवाला बोलवा तिले.

सदरवाली :
नको. 'ती व्हॅम्पायर' पुरतं. अनेकवचनही 'व्हॅम्पायर'च, 'व्हॅम्पायरं' केलं की लेकरांसारखी वाटतात. विभक्ती बिनधास्त लावा, व्हॅम्पायरने, व्हॅम्पायरला, व्हॅम्पायरच्या. आणि तारीख कळवा, विदर्भ साहित्य संघात प्रयोग असेल तर आम्ही चौघीजणी येतो.