पालारचे २२ जीव, नऊ वर्षं पडून राहिलेला दयाअर्ज आणि रद्द झालेली फाशी

कडेकपार (धागाकर्ता):
९ एप्रिल १९९३. कर्नाटक-तामिळनाडू सीमेवर पालारजवळ वीरप्पनच्या टोळीने रस्त्यात सुरुंग पेरून त्याच्याच मागावर निघालेलं पथक उडवलं. २२ जण गेले. पोलीस, वनखात्याची माणसं, खबरे. पथकाचे प्रमुख गोपालकृष्णन जबर जखमी झाले, पण वाचले. म्हैसूरच्या टाडा (दहशतवादविरोधी कायदा) कोर्टाने २००१ मध्ये चार साथीदारांना जन्मठेप दिली. ते अपिलात गेले, तर सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये थेट फाशी सुनावली. त्याच साली दयेचा अर्ज गेला. फेटाळला कधी? फेब्रुवारी २०१३! आणि जानेवारी २०१४ मध्ये तेच सुप्रीम कोर्ट म्हणतं, उशीर फार झाला, आता जन्मठेपच. बाबू फाइलवर झोपले आणि फावलं कुणाचं, तर सुरुंग पेरणाऱ्यांचं. माझं म्हणणं सरळ आहे. वर्दीतल्या माणसाला मारणाऱ्याला उशिराची सवलत नको.

कोर्टकज्जा:
हेच सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१३ मध्ये दिल्ली बॉम्बस्फोटातल्या भुल्लरच्या निकालात म्हटलं होतं, की दहशतवादी गुन्ह्यात उशिराचा मुद्दा चालणार नाही. नऊ महिन्यांत तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते चूक ठरवलं. पालारच्या चौघांसह १५ जणांची फाशी त्याच निकालात रद्द झाली. आणि उशीर कैद्यांनी थोडाच केला? अर्ज दिल्लीत पडून होता. तेवढ्यात तीन राष्ट्रपती झाले. कलामांनी अख्ख्या कारकिर्दीत दोनच दयाअर्ज निकाली काढले. आधी वर्षानुवर्षं फाशीच्या छायेत कोंडायचं आणि वर फाशीही द्यायची, म्हणजे एका गुन्ह्याला दोन शिक्षा झाल्या की.

कडेकपार:
मग कसाबचं कसं जमलं? तुकाराम ओंबळे हातात फक्त लाठी असताना त्याच्या बंदुकीला बिलगले, गोळ्या अंगावर घेतल्या पण नळी सोडली नाही. सुप्रीम कोर्टाचा निकाल २९ ऑगस्ट २०१२, येरवड्यात फाशी २१ नोव्हेंबरला. तीन महिनेसुद्धा नाहीत. मनात आणलं की फाइल पळते!

टिळकवाडी:
पळवली की काय होतं तेही बघा. अफझल गुरूला ९ फेब्रुवारी २०१३ ला तिहारमध्ये फाशी दिली आणि घरच्यांना कळवणारं स्पीड पोस्ट पोचलं फाशी झाल्यावर. पालारचे चौघे तेव्हा आमच्या बेळगावच्या हिंडलगा जेलमध्ये होते. अर्ज फेटाळल्याची बातमी आली आणि गावात दुसरा विषयच राहिला नाही, उद्या की परवा एवढंच. शेवटी सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली. अर्ज फेटाळल्याचं कळवल्यावर फाशीआधी १४ दिवस द्यायचे, हा नियम २०१४ च्या त्याच निकालातला. बायको-पोरांना शेवटचं भेटायला एवढे दिवसही द्यायचे नाहीत का?

कडेकपार:
पालारला मेले त्यांच्या बायको-पोरांना भेटायला किती दिवस मिळाले होते?

खाकीघर:
या प्रश्नाला मी उत्तर देते, कारण माझे वडील गडचिरोलीत भूसुरुंगात गेले. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण "त्यांना फाशीच व्हायला पाहिजे" म्हणून चहा पिऊन जायचा. आई विचारायची, क्वार्टर किती दिवस ठेवता येईल. तरी मी फाशीच्या विरोधात नाही, हे कोर्टकज्जांनी ध्यानात घ्यावं. फक्त दरवेळी "अजून प्रलंबित आहे" ऐकायला लागू नये. जन्मठेप द्यायची तर पहिल्या वर्षी द्या, आम्ही तीही पचवू. वीस वर्षांनी शिक्षा बदलली की सगळं पुन्हा वर येतं. चॅनेलवाले येतात ते वेगळंच.

कोर्टकज्जा:
खाकीघर, हे पटलं. उशिराची झळ दोन्ही घरांना लागते आणि ज्याच्या टेबलावर फाइल पडून राहते त्याला मात्र कुणी हात लावत नाही. लांब कशाला, कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या बहिणी घ्या. दयाअर्ज २०१४ मध्ये फेटाळला गेला, तरी राज्य सरकार ढिम्म. मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये फाशी रद्द केली. मारलेली लेकरं होती, वर्दी नव्हती, पण दिरंगाई तीच.

कडेकपार:
मग फाशी रद्द करण्यापेक्षा फाइलला मुदत घाला ना.

कोर्टकज्जा:
घातली आहे, अर्धी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७२ वाचा. कैद्याला अर्जासाठी मुदत आहे. राज्याचा अभिप्राय आल्यावर केंद्राला शिफारशीसाठी ६० दिवस आहेत. राष्ट्रपतींनी किती दिवसांत ठरवायचं, ते कुठेच लिहिलेलं नाही.