भाऊ पाणीच पीत नाही. सीआयसी (ठरावीक वेळाने कॅथेटर, म्हणजे नळी, घालून लघवी काढणं) आणि शौचाची वेळ कशी बसवलीत?

नंदनवनची ताई:
माझा लहान भाऊ, वय 26. एप्रिलमध्ये कूलरला वाळा लावताना गच्चीवरून पडला. डी-12 (पाठीचा बारावा मणका) फ्रॅक्चर, रॉड टाकले. पायात ताकद नाही, हात ठणठणीत. घरी येऊन तीन आठवडे झाले. कायमची नळी काढून दर चार तासांनी कॅथेटर घालायला सांगितलंय. आई घालते, तो भिंतीकडे तोंड करून पडतो. आता त्याने पाणीच सोडलं. बाहेर 45 डिग्री, आणि दिवसभरात दोन ग्लास! शौचाचं तर विचारूच नका. चार दिवस काही नाही, पाचव्या दिवशी चादरीत. सपोझिटरीचाही (शौचाच्या जागी ठेवायची गोळी) उपयोग नाही.

चाकावरचा मानेवाडा:
ताई, मी पण डी-12 च, 11 वर्षं झाली. पहिले आईला सुट्टी द्या. रागावू नका, पण हात चालणाऱ्या पोराचं कॅथेटर आई घालून राहिली तर तो पाणी सोडणारच. मीही सोडलं होतं. मग लघवी घट्ट, वास, थंडी वाजून ताप, वरून मळाचे खडे. वॉर्डातल्या एखाद्या ब्रदरला (पुरुष नर्सला) घरी बोलवा, त्याला स्वतःला शिकू द्या.

सकाळी सहा ते रात्री आठ, तासाला छोटा ग्लास. मापाचा जग आणि वही आणा. एका वेळी निघालेली लघवी 500 मिलिच्या आत राहिली पाहिजे, वर गेली की पुढची वेळ अलीकडे. हात साबणाने धुवायचे, जेली भरपूर. स्वच्छ हवं, ऑपरेशन थिएटर नको. लॅपिडीस नावाच्या अमेरिकन डॉक्टरने हे 1972 मध्येच दाखवलं. मूत्राशय भरून ताणलं जाणं जास्त वाईट.

सपोझिटरीचं: डी-12 ला मज्जारज्जू संपत आलेला असतो, म्हणून बऱ्याच जणांची गुदद्वाराची पकड सैल पडते आणि रिफ्लेक्स (मळ आपोआप बाहेर ढकलण्याची क्रिया) जातो. तसं असेल तर ग्लोव्ह घालून बोटानेच काढावं लागतं, रोज. मळ घट्टसरच ठेवायचा. जुलाबाचं औषध वाढवलं की चादर आलीच. रिफ्लेक्स आहे की नाही, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. माझी वेळ नाश्त्यानंतर 20 मिनिटांनी, कारण खाल्लं की आतडं हलतं. तर्री सोडली, पोहे नाही सोडले.

रिहॅबची सिस्टर:
दादांशी सहमत. ताप किंवा त्रास नसताना नुसता रिपोर्टमध्ये जंतू दिसला म्हणून अँटिबायोटिक मागू नका. आणि हे ताईंसाठी नाही, इतर वाचणाऱ्यांसाठी: इजा डी-6 किंवा वर असेल आणि अचानक डोकं ठणकलं, चेहऱ्याला घाम आला, बीपी चढलं, तर आधी उठवून बसवा आणि लघवी तुंबली आहे का बघा. त्यात वाट बघत बसायचं नसतं.

नंदनवनची ताई:
परवा ब्रदर येऊन गेले. आज त्याने दार लावून घेतलं, आईला आत येऊ दिलं नाही. वहीत त्याच्याच अक्षरात आहे: दुपारी 2.10, 620 मिलि. म्हणजे उशीर झाला ना दादा? सहाचं पाचला घेऊ?

चाकावरचा मानेवाडा:
पाचला घ्या. पाणी कमी नका करू.