लाइव्ह व्हिज्युअल्स: क्लिप अडखळतात आणि काळा भाग काळा दिसत नाही

रंगरेषा:
नमस्कार मंडळी. मित्रांच्या बँडसाठी लाइव्ह व्हिज्युअल्स करतोय. स्टेजवर पांढरी खोकी वेगवेगळ्या कोनांत रचून त्यांवर मॅपिंग (प्रोजेक्टरचं चित्र खोक्यांच्या आकाराला बरोबर बसवणं) करायचं आहे. रिझोल्यूम अरीना हे व्हिज्युअल्सचं सॉफ्टवेअर वापरतो, क्लिप सगळ्या एच.२६४ या नेहमीच्या व्हिडिओ फॉरमॅटच्या. एक लेयर (चित्राचा थर) मस्त चालतो. तीन एकदम लावले किंवा क्लिप उलटी फिरवली की चित्र झटके खातं. दुसरं म्हणजे, खोक्यांबाहेरचा भाग काळा ठेवूनही मागच्या भिंतीवर राखाडी चौकोन दिसतो. प्रोजेक्टर ३५०० ल्युमेनचा आहे. सगळं सोडून टचडिझायनर हे दुसरं सॉफ्टवेअर शिकावं का?

तिरीप:
सॉफ्टवेअर बदलू नका, दुखणं तिथे नाहीच.

एच.२६४ मध्ये बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात, आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच असतं. सिनेमा बघायला उत्तम. पण उडी मारली किंवा उलटं फिरवलं की मागची पूर्ण फ्रेम गाठून तिथून सगळं पुन्हा उलगडत यावं लागतं. क्लिप डीएक्सव्ही या रिझोल्यूमच्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्या. रिझोल्यूमचंच ॲली हे मोफत साधन ते करतं. त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते आणि उलगडण्याचा भार ग्राफिक्स कार्ड उचलतं. फाइली चांगल्याच फुगतील, तेव्हा एसएसडी हवीच. पारदर्शकता लागत नसेल तिथे अल्फा काढून टाका.

आता काळ्याबद्दल. माझा जीव त्यातच अडकलेला असतो. मी नाटकाच्या प्रकाशयोजनेतून इकडे आले. तिथे दिवा बंद म्हणजे बंद. प्रोजेक्टरचा दिवा मात्र पेटलेलाच असतो. काळा पिक्सेल म्हणजे फक्त अडवलेला प्रकाश, आणि तो थोडा पाझरतोच. सॉफ्टवेअरमधला मास्क (नको तो भाग झाकायची सोय) हा पाझर थांबवू शकत नाही. म्हणून झूम आवळा किंवा प्रोजेक्टर पुढे घ्या, म्हणजे प्रकाशाचा चौकोन खोक्यांपुरताच पडेल. उजेडही वाढतो: ३५०० ल्युमेन ४ बाय ३ मीटरवर पसरले तर जेमतेम २९० लक्स (दर चौरस मीटरवर पडणारा उजेड) मिळतात, ३ बाय २.२५ मीटरवर ५२० च्या आसपास. उरलेल्या पाझरासाठी खोक्यांमागे काळं मखमली कापड टांगा. तरी कड दिसलीच तर लेन्सच्या थोडं पुढे काळा पुठ्ठा धरून ती कापायची. पुठ्ठा फोकसबाहेर असल्यामुळे त्याची कड मऊ येते. ऑटो आयरिस आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट ही प्रोजेक्टरची दोन्ही सेटिंग बंद, नाहीतर अंधारं दृश्य आलं की उजेड आपोआप खालीवर होतो आणि प्रेक्षकांना तो जाणवतो.

मॅपिंगआधी प्रोजेक्टर अर्धा तास तापू द्या. थंड लेन्सवर जुळवलेला फोकस नंतर किंचित सरकतो. कीस्टोन (तिरकं पडलेलं चित्र सरळ करायचं प्रोजेक्टरचं सेटिंग) शून्यावर ठेवा, कोपरे ओढायचं काम अरीनातच करा. प्रोजेक्टरच्या पायांभोवती जमिनीवर टेप लावा. कुणाचा धक्का लागला तरी जागा सापडते.

आवर्तन:
तिरीप म्हणतात ते पटलं, पण टचडिझायनरला एवढ्यात फुली मारू नका. बिनव्यावसायिक आवृत्ती फुकट आहे, तिला १२८० बाय १२८० पिक्सेलची मर्यादा आहे. त्यात एकच जिवंत (तिथल्या तिथे तयार होणारा) लेयर बनवायचा आणि तो विंडोजवर स्पाउटने, मॅकवर सिफॉनने (एका सॉफ्टवेअरचं चित्र दुसऱ्यात नेणारी साधनं) अरीनात घ्यायचा. बाकी क्लिप आहेत तशाच. ब्राउझरमध्ये कोडच्या दोन ओळी लिहून चित्र हलताना बघायचं असेल तर ऑलिव्हिया जॅक यांचं हायड्रा उघडा, इन्स्टॉल काहीच करावं लागत नाही.

रंगरेषा:
तिरीपताई, डीएक्सव्ही केल्यावर तीनही लेयर लोण्यासारखे चालताहेत! एक विचारायचं राहिलं. लॅपटॉपच्या माइकवर ऑडिओ-रिॲक्टिव्ह (आवाजाप्रमाणे चित्र हलवणं) लावलं तर सगळंच सतत थरथरतं.

तिरीप:
माइकमध्ये गाणं, टाळ्या, प्रतिध्वनी सगळं एकत्र शिरतं. साउंड सांभाळणाऱ्याकडे किक ड्रमची (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमची) वेगळी लाइन मागा आणि ऑडिओ इंटरफेसमधून (आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या उपकरणातून) ती एकटीच आत घ्या. ती एकाच गोष्टीला जोडा, समजा एका खोक्याच्या उजेडाला. बाकीचं बीपीएम (गाण्याचे मिनिटाला किती ठोके) टॅप करून हाताने चालवा. गायिका श्वास घेते तिथे लेयर किती उतरवायचा हे सॉफ्टवेअरला कळत नाही, तुमच्या बोटांना कळतं. त्यासाठी फेडर (सरकवायच्या पट्ट्या) असलेला मिडी कंट्रोलर (सॉफ्टवेअर हाताने चालवायचं उपकरण) घ्या आणि सगळ्या तालमींना जा, नुसत्या शेवटच्या नव्हे.

स्ट्रोब (झपझप उघडझाप करणारा प्रकाश) वापरणार असाल तर झपके सेकंदाला ३ च्या आत ठेवा. अपस्माराचा त्रास असलेलं कुणी प्रेक्षकांत असू शकतं. तशी सूचना प्रवेशद्वारावरही लावा.