वडिलांच्या लघवीच्या नळीचा फुगा रिकामा होत नाही, काय करावे?

प्रश्न (पंचवटी, नाशिक):
नमस्कार. माझ्या ७८ वर्षांच्या वडिलांना प्रोस्टेटमुळे लघवी अडत असल्याने १६ नंबरची सिलिकॉनची नळी घातलेली आहे. आज सकाळी सिस्टर ती बदलायला घरी आल्या, तेव्हा नळी मूत्राशयात अडकवून धरणाऱ्या फुग्यातल्या १० मिलीपैकी जेमतेम ३ मिली पाणी सिरिंजमध्ये आले आणि त्यानंतर दट्ट्या कितीही ओढला तरी काहीच येईना. नळी हलकेच ओढताच वडील कळवळले, रक्ताचा थेंब दिसला, म्हणून त्या थांबल्या. पिशवीत लघवी उतरते आहे. नळी कापली की फुगा आपोआप बसेल, असे शेजारचे काका म्हणतात. तसे करावे का?

उत्तर १ (निवृत्त परिचारिका, नाशिक रोड):
दादा, कृपया नळी कापूही नका आणि ओढूही नका. फुगा भरलेला असताना ओढल्यास मूत्रमार्गाला इजा होते, आणि कापलेले टोक आत सरकले तर ते काढायला दुर्बीण घालावी लागते. फुग्याच्या पाण्याची वाट नळीच्या भिंतीतून वेगळी आणि अगदी बारीक असते. दट्ट्या जोराने ओढला की तीच आतून चिकटते. नवी सिरिंज घेऊन दट्ट्या एकदोनदा मागेपुढे करून सैल करावा, सिरिंज फुग्याच्या झडपेला (नळीच्या बाहेरच्या टोकाशी पाणी भरायचे तोंड) लावावी आणि हात न लावता पाणी आपल्या दाबाने येऊ द्यावे. हे सिस्टरांनाच करू द्या.

उत्तर २ (युरोलॉजिस्ट):
वरील सल्ला योग्य आहे. तेवढ्याने न भागल्यास आम्ही एखाद-दोन मिली निर्जंतुक पाणी भरून वाट मोकळी होते का ते पाहतो, मग झडप कापतो, त्या वाटेने बारीक तार घालतो आणि तेही फसले तर सोनोग्राफीत पाहत ओटीपोटातून सुईने फुगा फोडतो. पाणी भरभरून फुगा फोडणे मात्र टाळावे, कारण त्याचे तुकडे मूत्राशयात राहिल्यास त्यांभोवती खडे धरतात. फुग्यात सलाइन भरले असल्यास क्षाराचे कण वाट बुजवू शकतात. लघवी थांबली किंवा थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

प्रश्नकर्ता:
आपणा दोघांचे मनापासून आभार. सिरिंज वीस मिनिटे लावून ठेवली, पण पाणी आले नाही. दुपारी रुग्णालयात तार घालताच उरलेले ७ मिली भळकन आले. नळीच्या टोकाला वाळूसारखा खरखरीत पांढरा थर होता. नवी नळी बसवली असून वडील आता शांत झोपले आहेत.