कार्ड किंवा पेपाल नको म्हणणारा विक्रेता अप्रामाणिक असतो का?

एडिसनकर
दिवाळीचा फराळ न्यू जर्सीला मागवण्यासाठी मी महाराष्ट्रातल्या पाच घरगुती विक्रेत्यांकडे चौकशी केली. त्यांपैकी चौघींनी सांगितले की पेपाल (ऑनलाइन पैसे पाठवण्याची सेवा) नको, कार्डही नको, पैसे थेट बँकेत भरा. ज्याला व्यवहाराची नोंद नको असते तोच असे सांगतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. मागच्या वर्षी मी एका साडीसाठी भावाच्या खात्यातून यूपीआयने 12,000 रुपये दिले. साडी आलीच नाही आणि विक्रेत्याने आमचे दोन्ही नंबर ब्लॉक केले. कार्डाने दिले असते तर ते पैसे परत मिळवता आले असते. प्रामाणिक विक्रेत्याला याची भीती का वाटावी?

डोंबिवलीची फराळवाली
तुमचे 12,000 रुपये बुडाले याचे मला मनापासून वाईट वाटते, पण त्या एका माणसाच्या लबाडीवरून तुम्ही आम्हा सगळ्यांना ज्या रांगेत बसवले आहे ते मला मान्य नाही. थेट बँकेत आलेल्या पैशाची नोंद पासबुकात होतेच. नोंद चुकवायची असती तर आम्ही रोख मागितली असती.

पेपालने 1 एप्रिल 2021 पासून भारतातल्या भारतातली देवाणघेवाण बंद केली, त्यामुळे हा प्रश्न फक्त तुमच्यासारख्या परदेशी गिऱ्हाइकांपुरता उरतो. तिथे शुल्क साडेचार टक्क्यांच्या आसपास जाते आणि डॉलरचे रुपये होताना आणखी थोडे कापले जातात. देशातल्या गेटवेवर, म्हणजे विक्रेत्यासाठी ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीकडे, कार्डाचे दोन टक्के धरले, तरी 3,000 रुपयांच्या ऑर्डरमागे 60 रुपये आणि त्यांवर 18 टक्के जीएसटी मिळून 70 रुपये 80 पैसे जातात. तेही मी सोसले असते. मला नको आहे तो चार्जबॅक, म्हणजे कार्डधारकाने तक्रार केली की विक्रेत्याकडून पैसे परत कापून घेणे.

तीन वर्षांपूर्वी मी एका गेटवेमार्फत परदेशी कार्डे घेत होते. नोव्हेंबरात एका घरी चकली, करंज्या, अनारसे आणि शेव असा 14,200 रुपयांचा खोका पाठवला आणि तो पोहोचल्याचा त्या बाईंचा आनंदाचा निरोपही आला. जानेवारीच्या अखेरीस गेटवेचे पत्र आले की कार्डधारकाने हा व्यवहार नाकारला आहे, सात दिवसांत पुरावा द्या. कार्ड त्यांच्या यजमानांचे होते. कार्डाच्या विवरणपत्रावर माझ्या फराळाच्या नावाऐवजी उद्यम या छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीतले माझे पूर्ण नाव छापून आले होते आणि त्यांनी ते ओळखले नाही. मी कुरिअरची पावती शोधली. ती थर्मल कागदाची होती आणि ओट्यावरच्या डब्याखाली राहिल्याने उष्णतेने पूर्ण काळवंडली होती, नंबरातले दोनच आकडे दिसत होते. व्हॉट्सॲपवरचा निरोप गेटवेने पुरेसा पुरावा मानला नाही. गेटवेकडून मला येणाऱ्या पुढच्या रकमेतून (सेटलमेंटमधून) 14,200 रुपये आणि वर तक्रार हाताळण्याचे शुल्क कापले गेले. खोक्याचे परदेशी कुरिअरच मी साडेसात हजारांना केले होते. कपड्याचा व्यापारी निदान माल परत मागू शकतो, पण खाऊन संपलेला फराळ मी कोणाकडे परत मागायचा?

अकरा वर्षे कार्ड विभागात
ताई, मी कार्डांवरच्या तक्रारी हाताळण्याचेच काम करत आलो आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. तुमच्याकडून दोन चुका झाल्या. विवरणपत्रावर दिसणारे नाव गेटवेला सांगून बदलून घेता येते आणि कुरिअरच्या पावतीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवायचा असतो. हे दोन्ही केले असते तर प्रकरण बहुधा तुमच्या बाजूने सुटले असते. चार्जबॅक हे ग्राहकाच्या हातातले एकमेव शस्त्र आहे. एडिसनकरांची साडी आली नाही तेव्हा त्यांच्याकडे ते नव्हते, हे विसरून चालणार नाही. व्यक्तीच्या नंबरवर यूपीआयने एकदा पैसे गेले की ते परत आणण्याची सोपी वाट ग्राहकाकडे राहत नाही. ती वाट नाही म्हणूनच तुम्हाला ती पद्धत आवडते, हे निदान प्रामाणिकपणे मान्य करा.

येवल्याचा विणकर
यूपीआयमध्ये विक्रेता सुरक्षित असतो असे आपण गृहीत धरलेले दिसते. आमच्या घरी तीन माग आहेत. गेल्या वर्षी एका अनोळखी बाईंनी 6,500 रुपयांची सेमी पैठणी घेतली, पैसे क्यूआर कोडवर आले आणि साडी रवाना झाली. पाच आठवड्यांनी बँकेत गेलो तर खाते गोठलेले. दुसऱ्या राज्यातल्या कोणाची तरी ऑनलाइन फसवणूक झाली होती, त्यांनी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली होती आणि चोरीचे पैसे चार खाती फिरून त्या साडीच्या किमतीच्या रूपाने माझ्या खात्यात आले होते. वाद 6,500 रुपयांचा होता, पण बँकेने सगळे खाते थांबवले. त्यात दोन कारागिरांची मजुरी आणि रेशमाचे पैसे होते. सायबर पोलिस ठाणे अकराशे किलोमीटर दूर, फोन कोणी उचलत नव्हते आणि ईमेलला उत्तर यायला सात आठवडे गेले. आता मी ओळखीच्या दुकानदारांनाच माल देतो आणि चेक घेतो.

सांगलीची हळद
माझ्या मावसभावाच्या बाबतीतही तंतोतंत हेच घडले आणि त्याचे चालू खाते दोन महिने बंद होते. इथे कार्ड की पेपाल असा वाद घालण्यात काय अर्थ आहे? खाते गोठवण्याच्या या पद्धतीबद्दल कोणी बोलत नाही, याचाच मला अधिक संताप येतो.

हिशेबनीस
यावर केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्येच भूमिका घेतलेली आहे. पोलिसांच्या पत्रात जेवढी रक्कम नमूद असेल तेवढीच बँकेने अडवावी, संपूर्ण खाते नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. विणकरांनी त्या निकालाचा हवाला देऊन बँकेला लेखी अर्ज द्यायला हवा होता.

येवल्याचा विणकर
निकाल मला वकिलाने सातव्या आठवड्यात सांगितला. शाखेतल्या अधिकाऱ्याला तो माहीत नव्हता, आणि दाखवल्यावर त्यांनी तो वरच्या कार्यालयाकडे पाठवतो असे सांगितले. ज्याच्या घरी आठवड्याच्या आठवड्याला मजुरी वाटावी लागते, त्याने उच्च न्यायालयाचे निकाल खिशात घेऊन फिरायचे काय?

अकरा वर्षे कार्ड विभागात
विणकरांचा त्रास खरा आहे, पण त्यावरून निष्कर्ष उलटा निघतो. गेटवे वापरला असता तर गिऱ्हाइकाचे पैसे आधी गेटवेच्या एस्क्रो खात्यात (इतरांचे पैसे तात्पुरते सांभाळण्याच्या वेगळ्या खात्यात) जमा झाले असते आणि दिवसभराच्या व्यवहारांची एकत्र रक्कम त्यांच्याकडे आली असती. अशा गेटवे कंपन्यांसाठी (पेमेंट अॅग्रिगेटरांसाठी) रिझर्व्ह बँकेने मार्च 2020 मध्ये केलेल्या नियमांपासून ही रचनाच आहे. दोन टक्के वाचवण्यासाठी तुम्ही स्वतःचे खाते उघड्यावर ठेवता आणि दोष मात्र व्यवस्थेला देता.

सांगलीची हळद
दोन टक्के वाचवण्यासाठी, हे शब्द कृपया मागे घ्या. मी गेटवे घेतला होता. माझी वर्षाची निम्मी विक्री दिवाळीच्या आधीच्या तीन आठवड्यांत होते, कारण हळदीच्या जोडीला मी उटण्याचे संच विकते. त्याच तीन आठवड्यांत गेटवेने व्यवहारांत असामान्य वाढ झाली असे कारण देऊन माझे 83,000 रुपयांचे सेटलमेंट रोखून धरले आणि प्रत्येक ऑर्डरचे बिल, कच्च्या मालाची खरेदीची बिले आणि दुकानाचा फोटो मागितला. मी घरातून काम करते, त्यामुळे दुकानाचा फोटो कुठून आणू? कागद पाठवले की नवे कागद मागायचे, असे एकोणीस दिवस चालले. खोके छापणाऱ्याचे पैसे मी गळ्यातली चेन गहाण ठेवून दिले. दिवाळीत विक्री वाढते हे ज्या यंत्रणेला समजत नाही, तिच्यावर मी माझा हंगाम पुन्हा सोपवणार नाही. एस्क्रो खात्यात पैसे सुरक्षित असतात हे खरे, पण ते माझ्या हाती कधी येणार हे मी ठरवू शकत नाही.

अकरा वर्षे कार्ड विभागात
ते शब्द मागे घेतो. हंगामी धंद्याची वाढ आणि फसवणुकीची वाढ यंत्रणेला सारखीच दिसते आणि छोट्या विक्रेत्याशी बोलायला तिथे माणूस नसतो, हे मी आतून पाहिलेले आहे. तरीही हंगामाच्या आधी गेटवेला अपेक्षित विक्री लेखी कळवली तर त्रास कमी होतो, एवढे मी म्हणेनच.

हिशेबनीस
एडिसनकरांच्या मूळ आरोपाकडे परत येतो, कारण त्यात थोडे तथ्य आहे आणि ते कोणी मान्य केलेले नाही. जुलै 2025 मध्ये कर्नाटकच्या कर विभागाने यूपीआयच्या नोंदींवरून हजारो छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या, तेव्हा बंगळुरूत कितीतरी दुकानांतले क्यूआर कोड निघाले आणि फक्त रोख घेऊ अशा पाट्या लागल्या. त्यांतल्या अनेकांचा माल, उदाहरणार्थ दूध आणि भाजी, करमुक्तच होता आणि ते केवळ नोटिसीच्या धास्तीने रोखीकडे वळले, पण काहींची वर्षाची उलाढाल जीएसटी नोंदणीसाठीची 40 लाखांची मर्यादा ओलांडून गेली होती, हेही खरे आहे. आपल्या घरगुती विक्रेत्यांतही ही धास्ती आहे. शिवाय 40 लाखांची सवलत राज्यातल्या राज्यात माल विकण्यापुरती आहे. करपात्र माल परराज्यात पाठवायचा तर हस्तकलेसारखे थोडे अपवाद सोडून पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. घरून बंगळुरूला फराळ पाठवणाऱ्या किती जणींनी ती केली आहे?

डोंबिवलीची फराळवाली
मी केली आहे, आणि महिन्याला जीएसटीचे विवरणपत्र भरायचे 1,000 रुपये तुमच्याच व्यवसायातल्या एका गृहस्थांना देते. सगळ्यांनी केलेली नाही, हे मला मान्य करावे लागेल. ज्यांनी केली नाही त्यांची वकिली मी करत नाही. मी सांगत होते ते वेगळे होते. माल हातातून गेल्यावर तीन-चार महिने पैसा आपला की परक्याचा हे ठरत नाही, आणि ही टांगती तलवार खाद्यपदार्थ विकणाऱ्या बाईला पेलत नाही.

एडिसनकर
नोंद नको असते हे माझे विधान सरसकट होते आणि ते चुकले. पण मी अनोळखी खात्यात आगाऊ पूर्ण पैसे भरायला आजही तयार नाही. तुम्हाला परत न मिळालेल्या 14,200 रुपयांचा जसा धसका आहे, तसाच मला त्या 12,000 रुपयांचा आहे. निम्मे पैसे आधी आणि निम्मे खोका कुरिअरकडे दिल्याची पावती पाठवल्यावर, अशी अट कोणी मान्य करील काय?

डोंबिवलीची फराळवाली
निम्म्यात माझे कुरिअरसुद्धा सुटत नाही. सत्तर टक्के आधी द्या, बाकीचे पावतीचा फोटो आल्यावर. पावतीचा फोटो मी आता ऑफिसच्या काउंटरवरच काढते. खोका बंद करण्याआधीचा व्हिडिओही पाठवीन, त्यात डब्यांवरची नावे आणि वजनकाट्यावरचा आकडा दिसेल. यादी उद्यापर्यंत पाठवा, अनारशाचे तांदूळ मला आजच भिजवायला घ्यावे लागतील.