बतावणीत सोंगाड्याचा विनोद का पडतो?

पंचवटीकर:
नमस्कार. नाशिकच्या सायखेडकर नाट्यगृहासाठी १५ मिनिटांची बतावणी, म्हणजे तमाशातला विनोदी संवादांचा भाग, बसवायची आहे. सरदार (गंभीरपणे प्रश्न विचारणारा), सोंगाड्या (विनोदी नट), एक झीलकरी (मागे सूर धरणारा) आणि ढोलकी. वाचताना हसू येतं, उभं केलं की विनोद पडतो. दादू इंदुरीकर आणि काळू-बाळू या तमाशा कलावंतांच्या कामातून नेमकं काय घ्यावं?

गणगवळण:
आधी सरदाराकडे बघा, बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं. सरदारच मिश्कील झाला तर सोंगाड्याला खोडी काढायला कोणी उरत नाही. सरदाराने गंभीरपणे विचारायचं, सोंगाड्याने शब्दाचा भलताच अर्थ धरायचा, सरदाराने तोच शब्द चिडून परत म्हणायचा. ही पुनरुक्ती लांबण वाटते म्हणून कापतात. कापू नका. मागच्या रांगेला शब्द दुसऱ्यांदाच नीट ऐकू येतो, हशा तिथे फुटतो.

ढोलकीची थाप शेवटच्या शब्दावर नको, त्याच्या लगेच नंतर. शब्दावर पडली तर शब्दच बुडतो. हशा उतरू लागला की, पूर्ण विरायच्या आत, पुढचा प्रश्न. तालमीत हसायला कोणी नसतं, म्हणून या जागा सुटतात. संहितेत पेन्सिलने खुणा करा.

तुणतुणं:
दादू म्हणजे गजानन सरोदे, मावळातल्या इंदुरीचे. १९७३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार. 'गाढवाचं लग्न' या वगातला (तमाशातल्या नाट्यातला) त्यांचा सावळ्या कुंभार लोकांना हसवायला निघालेला नसतो, तो बायकोशी, गंगीशी, खरंखुरं भांडत असतो. आणि प्रभा शिवणेकरांची गंगी तेवढीच तिखट! हे जरूर घ्या.

काळू-बाळू, म्हणजे कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे, जुळे भाऊ. 'जहरी प्याला' या वगातल्या हवालदारांची गंमत दोघांच्या सारखेपणात आहे. वेगळ्या चणीच्या दोन नटांनी ती नक्कल करू नये, हमखास फसते.

पंचवटीकर:
आयत्या वेळचं बोलणं किती ठेवावं?

गणगवळण:
दोन-तीन मिनिटं, मध्यावर. सुरुवातीला नको, लोकांचा कान अजून बसलेला नसतो. लासलगावच्या कांद्याचा भाव काढणार असाल तर त्याच दिवशीचा काढा; नाशिकचा प्रेक्षक शिळा भाव लगेच पकडतो. बाहेर पडायचं एक वाक्य मात्र ठरलेलं हवं. ते कानावर आलं की ढोलकी उचलेल. ते नसेल तर सोंगाड्या बोलत राहतो, सरदार गोंधळतो आणि वेग जातो तो परत येत नाही.

आणि हो, बंद नाट्यगृहात ढोलकीसमोर माइक ठेवू नका. बोलणं झाकलं जातं.